मोठा डबा भाजीचा, उथळ डबा भाकरीचा: ह्यांच्या शुगरसाठी घेतलेला स्टीलचा टिफिन, आठ महिन्यांनंतर

आठ महिने रोज वापरून झाला, आता लिहायला हरकत नाही. एकावर एक बसणारे चार स्टीलचे डबे, चारी डब्यांचा घेर सारखा पण उंची वेगवेगळी, प्रत्येकाला स्वतःचं झाकण, झाकणात सिलिकॉनची रिंग आणि वरून एक कडी जी चौघांना दाबून धरते. साताऱ्यात मोती चौकाच्या आसपास भांड्यांची दुकानं आहेत, त्यातल्या एका जुन्या दुकानातून घेतला, डबे ८५० ला आणि चेनची पिशवी वेगळी २५० ला. डब्यावर कंपनीचं नावच नाहीये त्यामुळे ते सांगता येणार नाही, पण घेताना काय बघायचं ते सगळं सांगते, कारण घरातलं माणूस शुगरचं असेल आणि दुपारी बाहेर जेवत असेल तर डबा कुठला घेतोय ह्याने खरंच फरक पडतो आणि मला हे आधी कोणी सांगितलं नव्हतं.

आमचे हे एसटीत ड्रायव्हर आहेत, २२ वर्षं झाली. सध्या सकाळी सहाची सातारा-मुंबई आहे. घरातून सव्वापाचला निघतात, मुंबईत पोचून गाडी लावून जेवायला बसेपर्यंत साडेबारा तरी होतात, कधी कधी एक. वय ४९. मागच्या दिवाळीनंतर तपासणी झाली त्यात उपाशीपोटीची शुगर १८२ निघाली, परत केली तरी तेवढीच. १२६ च्या वर गेली की डायबेटीस धरतात. मग ती तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी केली ती ९.१. ती साडेसहाच्या पुढे म्हणजे डायबेटीस, आणि ह्यांची थेट नऊच्या वर, म्हणजे हे एकदोन महिन्यांचं नव्हतं, बरेच दिवस अंगात होतं आणि आम्हाला पत्ताच नाही. तहान लागायची, रात्री दोनतीनदा उठायचे, आम्ही म्हणायचो ड्युटीची दगदग आहे. सासूबाईंना पण शुगर आहे, तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं ही खंत मला आहेच. आयसीएमआरची देशभरातली मोठी पाहणी २०२३ मध्ये आली त्यात भारतात १० कोटींच्या वर डायबेटीसचे लोक असल्याचा अंदाज होता, तो आकडा तेव्हा पेपरात वाचून मी पान उलटलं होतं.

एसटीच्या ड्रायव्हरचं जेवण कसं असतं ते ज्यांच्या घरी ड्रायव्हर आहे त्यांनाच कळेल. गाडी ज्या हॉटेलवर थांबते तिथे ड्रायव्हर-कंडक्टरला बहुतेक ठिकाणी फुकट खायला घालतात, मग वडापाव, मिसळ, नाहीतर ताटभर भात आणि तेलाचा तवंग असलेली भाजी. माणूस दमलेला असतो, समोर गरम आलं की खाणारच, त्यात त्यांचा दोष काय. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, चालायला सांगितलं आणि मला म्हणाले ताई, दुपारचं जेवण घरचंच द्या आणि वेळेवर होईल असं बघा. तिथून डब्याचा शोध सुरू झाला.

पहिला डबा चुकला. टीव्हीवर जाहिरात येणाऱ्या एका कंपनीचा गरम राहणारा डबा ऑनलाइन मागवला, १५०० च्या आसपास गेले. जेवण गरम राहतं हे खरं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण आत तीन डबे, त्यातला सगळ्यात मोठा भातासाठी, त्याच्याखालोखाल पोळ्यांचा आणि भाजीला एक एवढीशी डबी. आपल्याकडे सगळे टिफिन असेच बनतात कारण आपलं जेवणच तसं आहे, पोटभर भात-पोळी आणि तोंडी लावायला भाजी. मी तो डबा जसा आहे तसा भरत गेले, म्हणजे भात काढला आणि मोठ्या डब्यात भाकऱ्या घातल्या, मोठ्या डब्यात तीन भाकऱ्या आरामात बसायच्या म्हणून तीन घालायचे, भाकरी चांगली असते ना शुगरला. महिनाभर असं केलं. ह्यांनी मशीन घेतलं होतं बोट टोचून बघायचं, जेवणानंतर दोन तासांनी २२०, २३५, एकदा २४८. मला कळेना, बाहेरचं बंद, साखर बंद, भात बंद, ज्वारी खातोय, तरी एवढी कशी.

डॉक्टरांनी उत्तर दिलं आणि ते मी सगळ्यांना सांगते. ज्वारीचं पीठ १०० ग्रॅम घेतलं तर त्यात ६५ ते ७० ग्रॅम कार्ब असतात, गव्हाचंही साधारण तसंच. ज्वारीत कोंडा असतो म्हणून मैद्यापेक्षा, पांढऱ्या भातापेक्षा साखर जरा सावकाश चढते एवढाच फायदा, पण तीन भाकऱ्या खाल्ल्या तर तीन भाकऱ्यांची साखर चढणारच. आमच्याकडे भाकरी जाड, एका भाकरीला ६० ग्रॅम पीठ सहज लागतं, म्हणजे तीन भाकऱ्यांत सव्वाशे ग्रॅमच्या जवळ कार्ब. त्यांनी कागदावर एक गोल काढला, मधोमध रेघ मारली, अर्धा भाग भाजी आणि कच्चं, उरलेल्या अर्ध्याचे परत दोन भाग, एकात डाळ-उसळ-अंडं-मासे, एकात भाकरी. म्हणाले ताट असं दिसायला पाहिजे. मी म्हटलं डॉक्टर, ह्यांना ताट नसतं, डबा असतो. तर म्हणाले मग डबा तसा घ्या.

तेव्हा मी मोती चौकात गेले. दुकानदार काका वयस्कर आहेत, मी त्यांना म्हटलं मला भाजीचा डबा सगळ्यात मोठा पाहिजे आणि भाकरीचा सगळ्यात लहान. ते आधी म्हणाले ताई असा सेट येत नाही. मग सगळं सांगितल्यावर त्यांनी दोन सेट उघडले, दोन्हींचा घेर एकच होता, एकातला उंच डबा काढून दुसऱ्यात लावला, एकातला उथळ डबा उचलून तळाला ठेवला, कडी बसते का बघितली आणि वरचे पैसे न घेता तसाच दिला. ऑनलाइन हे झालं नसतं. तुम्ही पण भांड्यांच्या दुकानात जाऊन विचारा, जिथे सुटे डबे मिळतात तिथे करून देतात, फक्त घेर एकच असला पाहिजे.

आता माझ्याकडे दोन उंच डबे आहेत, प्रत्येकात आमटीच्या चार वाट्या बसतात, मी पाणी ओतून मोजलं. एक मधला, त्यात अडीच वाट्या. आणि एक उथळ, ज्यात छोट्या दोन भाकऱ्या घडी घालून बसतात, तिसरी घालायची म्हटली तरी झाकण लागत नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. पहाटे साडेचारला उठून कोणी वजनकाटा घेऊन बसणार नाही, मी पण नाही बसत. डबाच माप झालाय. उंच दोन डबे भाजीने आणि कच्च्याने भरायचे, मधला उसळीने, उथळ भाकरीने, झालं ते डॉक्टरांचं ताट.

घेर सारखा का पाहिजे त्याचं अजून एक कारण आहे. खाली रुंद वर निमुळते असे टिफिन येतात त्यात क्रम ठरलेला असतो, मोठा खाली लहान वर, बदलता येत नाही. ह्यात कुठलाही डबा कुठेही लावता येतो. मी सगळ्यात वर कच्चं ठेवते, त्याखाली भाजी, त्याखाली उसळ आणि तळाला भाकरी. डबा वरून उघडत जातो त्यामुळे आधी काकडी-गाजर हातात येतं, ते खात खात भाजी उघडायची आणि भाकरी शेवटी. भाजी आणि प्रोटीन आधी पोटात गेलं आणि पिठूळ नंतर गेलं तर तेच जेवण असूनही साखर कमी चढते, ह्यावर परदेशात टाइप टू च्या पेशंटवर अभ्यास झालेत, डॉक्टरांनी पण सांगितलं आणि आम्ही मशीनवर पण बघितलं. एकच भाजी, एकच उसळ, भाकऱ्या तेवढ्याच, सगळं एकत्र खाल्लं त्या दिवशी १८६ आणि क्रमाने खाल्लं त्या दिवशी १६१. दोनच दिवसांचा हिशोब आहे, त्याला पुरावा म्हणणार नाही, पण ह्यांना पटलं आणि त्यांनी ती सवय लावून घेतली हे माझ्यासाठी पुष्कळ आहे. बाजूला बसणारे दोन ड्रायव्हर पण आता काकडी आधी खातात म्हणे.

झाकणाबद्दल सांगते कारण ह्यात लोक फसतात. जुन्या पद्धतीच्या टिफिनमध्ये वरच्या डब्याचं बूड हेच खालच्या डब्याचं झाकण असतं. कोरड्या भाजीला ठीक आहे पण उसळीला रस्सा असेल आणि गाडी घाट उतरणार असेल तर सगळा रस्सा भाकरीवर. आमचा रस्ता म्हणजे खंबाटकी आणि पुढे बोरघाट, दोन्ही घाट रोज. त्यामुळे प्रत्येक डब्याला वेगळं झाकण आणि झाकणात रिंग पाहिजेच. आठ महिन्यांत रस्सा सांडल्याची तक्रार फक्त एकदा आली, ती पण रिंग धुवून मी उलटी बसवली होती म्हणून.

रिंगला वास धरतो, लसणाचा तर फार, मी आठवड्यातून एकदा खायच्या सोड्याच्या पाण्यात तासभर टाकून उन्हात ठेवते. जास्तीच्या चार रिंगा घेऊनच ठेवा. कडी पाचव्या महिन्यात सैल झाली होती, काकांनी ठोकून नीट करून दिली.

स्टीलचं पण बोलते. दुकानात चुंबक लावून दाखवतात, चिकटत नाही म्हणजे चांगलं स्टील. तेवढ्यावर विश्वास ठेवू नका, २०२ नंबरच्या स्वस्त स्टीलला पण चुंबक सहसा चिकटत नाही आणि ३०४ लाही नाही, दोन्ही दिसायला सारखे. ३०४ गंजायला जास्त टिकतं. माझ्या डब्याच्या बुडाला ३०४ छापलंय आणि लिंबू, टोमॅटो, चिंच घालून आठ महिन्यांत कुठेही डाग नाही, म्हणून मी खूश आहे.

भाकरीचं मात्र शिकावं लागलं. गरम डब्यात भाकरीला घाम यायचा, ओलीगच्च व्हायची, आणि साध्या डब्यात सात तासांनी वातड. ह्यांनी तोंडाने कधी म्हटलं नाही पण अर्धी भाकरी परत यायला लागली की कळतं. आता पीठ उकळत्या पाण्यात भिजवते, चांगलं मळून घेते, भाकरी पातळ थापते आणि भाजल्यावर टोपलीत पाच मिनिटं वाफ जाऊ देते, मग सुती फडक्यात गुंडाळून डब्यात. फॉइलमध्ये नाही गुंडाळत, त्यात परत घाम येतो. गुरुवारी दशमी करते, पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवायचं, ती संध्याकाळपर्यंत मऊ राहते, आपल्या आज्या प्रवासाला दशम्या बांधून द्यायच्या ते काही उगाच नाही. थंडीत बाजरी. कधी थालीपीठ, भाजणीत हरभऱ्याची डाळ, उडीद असतात म्हणून मला ते बरं वाटतं, वर त्यात कोथिंबीर-मेथी भरपूर घालता येते, पण तेल हात राखून. दोनपेक्षा जास्त काहीच नाही, कारण उथळ डब्यात बसत नाही.

मोठ्या डब्यात चार वाट्या भाजी म्हटल्यावर सुरुवातीला मी घाबरले होते, रोज एवढी भाजी निवडायची कधी. आता रात्री सिरियल बघताना गवार मोडते, शेपू-मेथी निवडून फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये. दोडका, दुधी, पडवळ, कोबी, फरसबी, वांगी, भेंडी, लाल माठ, चाकवत, हे सगळं फिरवून फिरवून. बटाटा भाजीत घालायचा नाही हे पक्कं केलं, कारण मग तो भाजीच्या डब्यात बसून भाकरीचं काम करतो, साबुदाणा तसाच. पालेभाजी शिजून एवढीशी होते हे लक्षात ठेवा, एका माणसाच्या डब्याला मेथीची एक अख्खी जुडी लागते. चार वाट्यांची भाजी म्हणजे तेल पण चौपट असं होऊ देऊ नका, मी दोन चमचे तेलाच्या वर जात नाही, झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवते आणि चवीला तीळकूट, जवस नाहीतर कारळ्याची चटणी घालते.

मधल्या डब्यात माझा जीव आहे. मटकी, मूग, चवळी, हिरवे वाटाणे आणि आमचा कोरेगावचा वाघ्या घेवडा. ह्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, राजम्यासारखाच पण साल पातळ आणि चव गोडसर, कांदा-लसूण मसाल्यावर केला की ह्यांना दुसरं काही लागत नाही. कडधान्यात फायबर आणि प्रोटीन दोन्ही असतं म्हणून साखर हळू चढते आणि पोट चारपर्यंत धरून ठेवतं, नाहीतर तीनला चहाबरोबर खारी-बिस्किटं सुरू होतात. बुधवारी दोन उकडलेली अंडी, सालासकट देते, सोलून दिली तर वास येतो आणि लवकर खराब होतात. रविवारी ड्युटी लागली तर चिकन सुकं. पिठलं देऊ का असं मैत्रिणीने विचारलं, द्या की, बेसन म्हणजे हरभऱ्याची डाळच आहे, फक्त पिठलं गार झालं की घट्ट गोळा होतो म्हणून मी झुणका देते.

उन्हाळ्यात ह्या डब्याची खरी परीक्षा झाली. साध्या स्टीलचा डबा आहे, त्यात गरम राहत नाही आणि गारही राहत नाही, एप्रिल-मेमध्ये गाडीच्या केबिनमध्ये इंजिनची धग वेगळी. गरम गरम भरून झाकण लावलं की अन्न आंबतं, त्यामुळे मी सगळं परातीत पसरून पंख्याखाली गार करते आणि मग भरते, त्यासाठी पंधरा मिनिटं लवकर उठावं लागतं. ओलं खोबरं पूर्ण बंद, शेंगदाण्याचं कूट चालतं. कोशिंबिरीत दही घालत नाही, ते आंबट होऊन जातं. काकडीला मीठ आधी लावलं तर दुपारपर्यंत डब्यात नुसतं पाणी, म्हणून काकडी, गाजर, मुळा, कोबी नुसतं चिरून कोरडं देते आणि मीठ-जिरेपूड-लिंबाची फोड एका डबीत वेगळी. मोडाची मटकी कच्ची देत नाही, उन्हात तिचा भरवसा नाही. आणि भात नाही, शुगरचं कारण आहेच पण कोमट भात सात-आठ तास बंद डब्यात राहणं पोटाला पण चांगलं नाही.

फळ डब्यात न देता वेगळं देते, परतीच्या वाटेवर खायला. पेरू सगळ्यात बरा. आणि आमच्याकडे थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी असते, तिच्यात साखर फार कमी असते, १०० ग्रॅमला आठ ग्रॅमच्या आसपास कार्ब, सहा-सात खाल्ल्या तरी चालतात, गोड खाल्ल्याचं समाधान मिळतं. सासूबाईंचं म्हणणं असायचं गुळाचा लाडू दे ना, साखर कुठे आहे त्यात. त्यांना मी शांतपणे समजावलं की आई, गूळ पण उसाचाच आहे, रक्तात जाऊन साखरच होतो. त्यांचाही गुळाचा चहा त्यानंतर बंद झाला.

आता जे सांगणार आहे ते डब्याच्या पिशवीबद्दल आहे पण खूप महत्त्वाचं आहे, तेवढं तरी वाचाच. मार्च महिन्यात बोरघाटात मोठं ट्रॅफिक झालं. सकाळी पाचला गोळी आणि अर्धी भाकरी-दूध घेऊन निघालेले, डबा सीटच्या मागे बॅगेत, वाटलं पोचून जेवू. सव्वा वाजला तरी गाडी जागची हलेना. आणि ह्यांच्या हाताला कापरं सुटलं, दरदरून घाम, डोळ्यापुढे अंधारी. शुगर वाढते म्हणून एवढं घाबरायचो आणि ही तर उतरली होती. गोळ्यांमध्ये एक गोळी अशी होती जी जेवलं नाही तरी आपलं काम करत राहते, तिने असं होऊ शकतं. नशिबाने गाडी उभी होती. ह्यांनी लगेच कंडक्टरला सांगितलं, एका प्रवासी बाईंकडे लिमलेटच्या गोळ्या होत्या त्यांनी मूठभर दिल्या, त्या चघळल्यावर पंधरा-वीस मिनिटांत बरं वाटलं, मग डबा उघडून जेवले. त्या बाई कोण होत्या माहीत नाही, पण त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

डॉक्टरांनी त्यानंतर ती गोळी बदलून दिली आणि नीट समजावलं. ७० च्या खाली आली की लो शुगर. लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे तीन चहाचे चमचे पाण्यात कालवून, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, नाही वाढली तर परत तेवढंच. आणि ड्रायव्हर असाल तर बरं वाटल्यावर सुद्धा पाऊण तास स्टेअरिंग हातात घ्यायचं नाही. हे म्हणाले आमच्या साताऱ्याचे कंदी पेढे खिशात ठेवतो मग, तर डॉक्टर म्हणाले त्या वेळी पेढा नको, खव्यात स्निग्ध असतं त्यामुळे साखर रक्तात चढायला उशीर लागतो, नुसती साखर किंवा ग्लुकोज पावडरच पाहिजे. तेव्हापासून ह्या पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात ग्लुकोज पावडरची पुडी, छोटी पाण्याची बाटली आणि मशीन असतं, आणि कंडक्टरला माहीत आहे कुठे आहे ते. डब्याची पिशवी घेताना बाहेरून कप्पा असलेलीच घ्या, चेनच्या आत ठेवलेली वस्तू घाईच्या वेळी सापडत नाही. आणि डब्याबरोबर आता एका कागदात मूठभर फुटाणे आणि शेंगदाणे वेगळे देते, ट्रॅफिक लागलं, बारा वाजले की गाडी थांबेल तिथे ते खायचे, जेवण मागे पडलं तरी पोट रिकामं राहत नाही.

आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्या असतात, तेव्हा दोन-दोन दिवस घरी येत नाहीत. तिथे हा डबा कमी पडतो, खोटं कशाला बोलू, शिजवलेली भाजी एका दुपारपुरतीच. ह्या वर्षी पहिल्या दिवसाचा डबा भरून दिला आणि दुसऱ्या दिवसासाठी दशम्या, कोरडी शेंगदाणा चटणी, फुटाणे, अख्ख्या काकड्या आणि गाजरं दिली, भाजी तिथे जी मिळेल ती घ्या म्हटलं, पण दशम्या मोजून चारच. एकादशीचा उपवास ते करायचे, साबुदाण्याच्या खिचडीवर, यंदा डॉक्टरांना आधी विचारलं आणि त्यांनी गोळ्या घेऊन कडक उपवास नको म्हटल्यावर थोडी वरी, दाण्याची आमटी, काकडी आणि ताक ह्यावर केला. विठ्ठलाला चालतं, ह्यांचं मन पण राखलं गेलं.

डब्याचे तोटे पण सांगते. जड आहे, रिकामाच किलोच्या वर भरतो, बसने-लोकलने उभ्याने जाणाऱ्यांना हातात धरून त्रास होईल. जेवण गार होतं, ह्यांना डेपोत गरम करायची सोय नाही, गार भाकरी-भाजी खाणं सगळ्यांना जमत नाही. चार डबे, चार झाकणं, चार रिंगा रोज घासायच्या, संध्याकाळी ते आल्यावर तो एक पसारा असतोच. पिशवीची चेन सहाव्या महिन्यात गेली, ती मी बदलून घेतली, ६० रुपये. ऑफिसात मायक्रोवेव्ह असेल तर स्टीलचा चालणार नाही, त्यांनी काचेचे डबे बघावेत, पण मापं मात्र हीच ठेवा, दोन मोठे, एक मधला, एक उथळ.

शुगरचं सांगायचं तर तीन महिन्यांनी एचबीएवनसी ७.८ आली आणि आत्ता ६.९. सगळं श्रेय डब्याला देत नाही, गोळ्या आहेत, रोज संध्याकाळी हे पाऊण तास चालतात, वजन सहा किलो उतरलंय. पण जेवणानंतरची शुगर पूर्वी २२० च्या वर असायची ती आता १५० ते १७० मध्ये असते आणि हा फरक डबा बदलला त्याच पंधरवड्यात दिसायला लागला, गोळ्या तर तेव्हा त्याच होत्या. गोळ्या कमी-जास्त मात्र डबा बघून करू नका, ते डॉक्टरांनाच विचारा, कारण जेवण कमी केलं आणि गोळी तीच राहिली तर बोरघाटात झालं तसं होऊ शकतं.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा वजनाचा कापला. ह्याच महिन्यात नणंदेच्या मिस्टरांना पण शुगर निघाली, ते कराडला शाळेत आहेत. काकांकडे परत जाऊन तसाच सेट जुळवून घेतलाय, ह्या वेळी ९०० पडले, उथळ डब्याच्या झाकणावर मी नेलपॉलिशने भाकरी असं लिहून ठेवलंय म्हणजे ताई चुकून त्यात भाजी भरणार नाहीत. रविवारी घेऊन जायचाय.